पैसा, समाधान आणि पोच

(ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी मुंबईकर ग्रामस्थांची सभा घाटकोपर येथे भरली होती. पोस्ट खात्यातून निवृत्त झालेले आपले एक ज्येष्ठ ग्रामस्थ त्या सभेत बोलले. त्या भाषणाचा हा मजकूर. त्यांच्याच इच्छेवरून येथे त्यांचे नाव छापलेले नाही. – संपादक मंडळ)



मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. इथे उभा राहण्यापूर्वी खजिनदारांनी हळूच कानात सांगितले, "काका, असे काहीतरी बोला की पाकिटे बाहेर येतील." आता मी १९६९ साली पोस्टात लागलो आणि २००६ साली निवृत्त झालो. सदतीस वर्षे खिडकीमागे बसून दुसऱ्याचे पैसे मोजले. पण पाकीट बाहेर काढायला लावण्याची विद्या मला येत नाही. माझ्या खिडकीपाशी माणूस यायचा तो पैसे हातात काढूनच यायचा. म्हणून खजिनदारांची क्षमा मागून मी निधीविषयी थोडे आणि पैशाविषयी जास्त बोलणार आहे. पैशाने माणूस सुखी होतो का, आणि होत असेल तर कधी होतो, एवढाच माझा विषय. शेवटी एक विनंतीही करणार आहे. ती सगळ्यांना आवडेल असे नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. पैसा म्हणजे माती, पैसा हाताचा मळ, असे मी म्हणणार नाही. असे बोलणारे बहुधा जेवून आलेले असतात. आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. १९७३ साली मी भटवाडीच्या डोंगरावर एका खोलीत राहत होतो. एका रात्री धाकट्या मुलीचा घसा धरला, श्वास लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा घटसर्प दिसतो, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. महिन्याची अखेर होती. घरात टॅक्सीपुरतेही पैसे नव्हते. मी मंडळाच्या त्या वेळच्या चिटणीसांचे दार रात्री एक वाजता ठोठावले. त्यांनी वर्गणीची पेटी उघडली, साठ रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "सही उद्या करा, आधी पळा." मुलगी वाचली. आज ती आजी झाली आहे आणि याच सभेत मागे कुठेतरी बसली आहे.

बंधूंनो, पुढे मला पगारवाढ मिळाली, फरकाची रक्कम मिळाली, निवृत्तीच्या वेळी तर एकदम मोठी रक्कम हातात आली. पण त्या साठ रुपयांइतके समाधान मला दुसऱ्या कुठल्याही पैशाने दिले नाही. कारण त्या पैशाने भय घालवले. तेव्हा पहिली गोष्ट ही, की ज्याच्या घरात भय आहे, औषधाचे, फीचे, भाड्याचे, छपराचे, त्याला पैसा सुख देतो आणि भरपूर देतो. त्याला वैराग्याचा उपदेश करू नये. त्याला साठ रुपये द्यावेत.

आता खिडकीकडे येतो.

तरुण मुलांना मनीऑर्डर ठाऊक नसेल. आपल्या देशात ही सोय १८८० साली सुरू झाली आणि जुन्या पद्धतीची, कागदी फॉर्मची मनीऑर्डर २०१५ पर्यंत हळूहळू बंद पडली. पण मधली शंभर-सव्वाशे वर्षे आपले कोकण त्याच कागदावर जगले. कोकणाला लोक मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत ते काही उगीच नाही. परळ-लालबागच्या गिरण्या, आग्रा रोडवरचे, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने, विक्रोळी-भांडुपची कामे, गोदी आणि हॉटेले. पगार झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीपुढे रांग लागायची. संगमेश्वर, लांजा, राजापूर, खेड, चिपळूण, पोलादपूर. तालुक्यांची नावे मला तोंडपाठ झाली होती.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी पट्टी असे. तिच्यावर संदेशासाठी चार बोटे जागा. ही पट्टी गावी पैसे घेणाऱ्याजवळ राहायची. फॉर्मचा दुसरा एक तुकडा म्हणजे पोच. पोस्टमन पैसे दिल्यावर त्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि ती पोच पाठवणाऱ्याकडे परत यायची. म्हणजे पैसा इकडून तिकडे जायचा आणि माणसाची खूण तिकडून इकडे यायची.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा संदेश आम्ही खिडकीतले लोकच लिहून देत असू. मागे रांग खोळंबलेली, साहेबांचे लक्ष, आणि पुढचा माणूस विचार करत उभा. एवढ्याशा जागेत काय मावणार? तरी माणसे काय काय मावायला लावायची! लावणी झाली का ते कळव. पाड्याला बाजार दाखवू नकोस. बायला डॉक्टरकडे ने, पैशाकडे बघू नकोस. गणपतीला येतो. गणपतीला येत नाही. हा शेवटचा संदेश लिहिताना मी मान वर करून समोरच्याकडे बघत नसे.

मी एक गोष्ट पाहिली आणि ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझ्या लक्षात आली. पैसे भरून पावती खिशात घालून जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असे, पण ते रकमेच्या प्रमाणात नसे. वीस रुपये पाठवणारा हमाल कधीकधी दोनशे पाठवणाऱ्या फोरमनपेक्षा हलका होऊन जाई. आणि ज्या महिन्यात पोच परत आली नाही त्या महिन्यात दोघेही सारख्याच काळजीने खिडकीशी येऊन विचारत, "साहेब, पोच आली का?" पैसे पोचले याची खात्री त्यांना हवी असेच. पण त्याहून जास्त हवा असे तो अंगठा. तिकडचे माणूस हयात आहे, दारात उभे राहून आपले पैसे त्याने हातात घेतले, एवढे तो अंगठा सांगायचा.

ह्या पैशाची किंमत आपण काय मोजली तेही सांगितले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. सरकारी कागदावर हा एक आकडा आहे. आपल्या गावात तो आकडा म्हणजे शिमगा आणि गणपती सोडून बाप न पाहिलेली मुले, आणि बावीसाव्या वर्षापासून एकटीने शेत, गोठा आणि सासू-सासरे सांभाळणारी बाई. त्याच जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली. घरे बंद झाली, कुलपे गंजली. मुंबईने आपल्याला पैसा दिला, पण तो फुकट दिला नाही. तेव्हा "आम्ही कष्टाने कमावले" असे मुंबईकर म्हणतो तेव्हा त्यात अर्धे कष्ट गावाकडच्या त्या बाईचे आहेत, हे मंदिराच्या पायरीवर उभे राहून तरी विसरू नये.

आता १९८२ सालाकडे येतो, कारण त्या वर्षी पैशाची दुसरी बाजू मला कळली, आणि ती माझ्या स्वतःच्या घरात कळली.

आपल्या घाटकोपरच्या पंतनगरात डॉक्टरकी करणारे डॉ. दत्ता सामंत. त्यांच्याकडे येणारे रोगी बहुतेक कामगार. त्यांची दुखणी बघता बघता ते कामगारांचे पुढारी झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप चूक की बरोबर हा आजचा विषय नाही. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि हजारो कामगारांना परत कामावर जाता आले नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या खिडकीपुढची रांग तीन महिन्यांत निम्मी झाली. येणारे लोक पैसे भरायला नव्हे, तर गावाहून काही आले का ते विचारायला येऊ लागले. आणि गावाहून आले! आयुष्यभर आपण ज्यांना मनीऑर्डरी पाठवल्या त्या माणसांनी एसटीच्या टपावर तांदळाची, नाचणीची, कुळथाची गाठोडी चढवून दिली. गंगा उलटी वाहिली. ज्याच्या गावी कोणी उरले नव्हते, किंवा ज्याने गावाशी संबंध तोडला होता, त्याचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. आधी तो चार पैसे जास्त कमवत होता, याचा त्याला काही उपयोग झाला नाही.

मी सरकारी नोकर. माझा पगार चालू होता. आमच्या शेजारच्या खोलीत एक गिरणी कामगार कुटुंब होते, ते संपात होते. त्याच वर्षी मी घरात टेलिव्हिजन आणला. काळा-पांढराच, पण चाळीतला आमच्या बाजूचा पहिला. संध्याकाळी सगळी मुले आमच्या खोलीत येऊन बसत. त्यात शेजाऱ्याचीही दोन मुले असत. मला फार समाधान वाटे. आज एवढ्या वर्षांनी, देवीच्या कामासाठी जमलेल्या सभेत खरे सांगतो. त्या समाधानात टेलिव्हिजनवर दिसणाऱ्या चित्राचा वाटा थोडा होता. हा माझ्याकडे आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, याचा वाटा मोठा होता. पुढे दोन वर्षांनी पलीकडच्या खोलीत एकाने रंगीत संच आणला. माझा संच होता तसाच होता, चित्रही तेच दिसत होते. पण माझे समाधान त्या दिवशी संपले, आणि मुलेही पलीकडे गेली.

आणि शेजाऱ्याची गोष्ट ऐका. संपाच्या त्या पावसाळ्यानंतर त्यांच्या गावाहून नवे तांदूळ आले. घरात बाकी काही नव्हते. त्या वहिनींनी पहिल्याच दिवशी त्या तांदळाची घावणे केली आणि एक ताटली आमच्या घरी पाठवली. आम्ही पगारदार, ते संपकरी. द्यायचे कोणी आणि दिले कोणी! मी ती घावणे खाल्ली. त्या दिवशी त्या घरात समाधान होते आणि माझ्या घरात टेलिव्हिजन होता, असे मला आज वाटते.

माझी नात कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. मी हे भाषण लिहीत होतो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, यावर परदेशात मोठमोठे अभ्यास झाले आहेत." तिने सांगितलेले मला जेवढे समजले तेवढे सांगतो. रिचर्ड ईस्टरलिन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवले की एकाच देशात पैसेवाले गरिबांपेक्षा स्वतःला अधिक सुखी म्हणवतात. पण सगळ्या देशाचेच उत्पन्न वाढत गेले म्हणून लोकांचे सुख त्या मानाने वाढत जाते, असे दिसत नाही. या मतावर वाद पुष्कळ झाले आणि अजून चालू आहेत. पण टेलिव्हिजनचा माझा अनुभव त्याच्या बाजूने आहे. सगळ्यांच्या घरी संच आला की माझ्या संचातले सुख गेले.

पुढे डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोघांनी, दोघेही नोबेल मिळालेले, २०१० साली अमेरिकेतल्या लोकांची माहिती तपासली. त्यांना असे दिसले की गरिबीत आजारपण, एकटेपण, घर मोडणे ही दुःखे अधिक झोंबतात. पैसा वाढला की रोजचे सुख वाढते, पण त्यांच्या हिशेबाने वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास ते वाढणे थांबते. यावर मॅथ्यू किलिंग्सवर्थ या तरुण संशोधकाने २०२१ साली दाखवले की ते थांबत नाही. मग भांडत बसण्याऐवजी काहनेमन त्याच्याबरोबर बसले आणि २०२३ साली त्यांनी मिळून सांगितले की बहुतेकांचे सुख पैशाबरोबर वाढत राहते, मात्र जे मुळात फार दुःखी आहेत त्यांचे दुःख एका मर्यादेनंतर पैशाने हटत नाही. एवढा मोठा विद्वान, आपले चुकले असेल म्हणून धाकट्याबरोबर पुन्हा हिशेबाला बसला. आपल्या गावकीतल्या मानकऱ्यांनी आणि आम्हा म्हाताऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पण मला सर्वात आवडला तो कॅनडातला एक लहानसा प्रयोग. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. सकाळी काही लोकांना पाकिटात पैसे दिले. कोणाला पाच डॉलर, कोणाला वीस. अर्ध्यांना सांगितले, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. अर्ध्यांना सांगितले, दुसऱ्यासाठी खर्च करा. संध्याकाळी विचारले तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदात होते. आणि पाच दिले होते की वीस, याने काही फरक पडला नव्हता. मी नातीला म्हटले, "बाळ, हे मला १९७२ सालीच ठाऊक होते. वीस रुपये पाठवणारा हमाल मी रोज बघत होतो." ती म्हणाली, "मग आजोबा, तुम्ही लिहून का नाही ठेवलेत?" याला माझ्याजवळ उत्तर नाही. म्हणून आज बोलतो आहे.

आता जी गोष्ट सांगायला मला कठीण जाते, ती सांगतो.

मी स्वतः आईला दरमहा मनीऑर्डर पाठवत असे. नोकरीच्या सुरुवातीला तीस रुपये. खाली पट्टीवर बारीक अक्षरात खच्चून मजकूर. पुढे भटवाडीची खोली सोडून पंतनगरात ब्लॉक घेतला, हप्ते सुरू झाले, मुलांच्या शाळा आल्या. तरी आईच्या रकमेत मी कपात केली नाही, उलट वाढ केली. शंभर, मग दोनशे. मला अभिमान होता की आमच्या वाडीत सर्वात मोठी मनीऑर्डर माझी. पण आता पट्टीवर लिहायला वेळ होत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या पट्ट्या लिहिणारा मी, माझी पट्टी कोरी सोडू लागलो. म्हटले, पैसे तर पोचतात ना!

आई १९९१ साली गेली. दिवस झाल्यावर तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली कापडात बांधलेली मनीऑर्डरच्या पट्ट्यांची चळत निघाली. मी एकेक बघत गेलो. सगळ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या, तीस रुपयांच्या. घड्या घालून घालून काही मधे फाटल्या होत्या. कोऱ्या पट्ट्यांपैकी, त्या दोनशे रुपयांच्या पट्ट्यांपैकी, एकही नव्हती. आईला वाचता येत नव्हते. शेजारची एक मुलगी तिला वाचून दाखवायची. ती आता बाई झालेली, तिथेच बसली होती. ती म्हणाली, "दादा, काकी तीच तीच कागदं परत वाचायला लावायची. नवीन आलेलं उलटंसुलटं करून विचारायची, ह्याच्यावर काय नाय लिवलेलं? मी नाय म्हणायची. मग ती चुलीत घालायची."

तिने मला कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. पोचेवर अंगठा मात्र दर महिन्याला येत राहिला. पोच माझ्याकडे येत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हते. हे पोस्टातल्या माणसाला कळायला बावीस वर्षे लागली.

तेव्हा मला समजले ते असे. पैसा माणसाला समाधान देतो ते दोन ठिकाणी. एक, जिथे तो भय घालवतो. दोन, जिथे तो दुसऱ्या माणसापर्यंत पोचतो आणि त्याची पोच येते. या दोन्हींच्या मधे जो पैसा असतो तो मोजण्यात जातो. माझा किती, त्याचा किती, कोणाचा मोठा. तो पैसा वाईट नाही, पण त्यातून समाधान निघेल अशी आशा करू नये.

आपल्या संतांनी हेच अधिक चांगल्या शब्दांत सांगितले आहे. तुकोबा हे वाण्याचे दुकान आणि सावकारी असलेल्या घरातले. पैसा मिळवूच नका असे त्यांनी सांगितले नाही. चांगल्या व्यवहाराने मिळवा आणि त्यात जीव न अडकवता खर्च करा, असे सांगितले. परंपरा अशी सांगते की दुष्काळात घरदार उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हवाली केला, कारण दुसऱ्याच्या हक्काचे उदार होऊन सोडायचे नसते. स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. आणि देहूचे मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. म्हणजे मंडळी, जीर्णोद्धार हे आपले फार जुने काम आहे.

दुसरे गाडगेबाबा. हातात मडके, अंगावर चिंध्या. लोकांकडून पैसा घेतला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. शाळा काढल्या. स्वतःच्या कुटुंबाला त्यातले काही दिले नाही. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परगावाहून टाटा रुग्णालयात आलेले रुग्ण उतरतात. आपल्याही गावातल्या काहींनी तिथे दिवस काढले आहेत. बाबा आज इथे असते तर त्यांनी झाडू बाजूला ठेवून आपल्याला विचारले असते की देवळाला एवढा पैसा कशाला, पोरांच्या शाळेचे काय? ते विचारतील हे धरूनच आपण चालावे. म्हणून कार्यकारिणीने नव्या सभामंडपात दिवे, पंखे आणि एका बाजूला पुस्तकांची कपाटे ठेवण्याचे ठरवले, याचा मला फार आनंद आहे. सांजवात झाल्यावर वाडीतली मुले तिथे अभ्यासाला बसली तर देवीला अडचण होणार नाही. झालीच तर सोबत होईल.

आता माझी विनंती.

अकरा हजार किंवा त्याहून अधिक देणगी देणाऱ्यांची नावे संगमरवरी फलकावर कोरायची, रकमेच्या उतरत्या क्रमाने, असे मागल्या बैठकीत ठरले आहे. हेतू चांगला आहे. निधी जमला पाहिजे. ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या त्यांचे उपकार गाव विसरणार नाही. त्यांनी हात आखडता घेतला असता तर चिऱ्याचे जोते जमिनीवर आले नसते, कळस तर दूरच. त्यांच्यातल्या काहींना मी लहानपणी अनवाणी शाळेत जाताना पाहिले आहे. त्यांचा मला अभिमान आहे.

पण मागच्या शिमग्याला मी गावी होतो. पालखी घरोघर फिरत होती. आपल्याच गावातली एक विधवा बाई, नाव सांगत नाही, काजूच्या बिया विकून तिने दोनशे रुपये जमवले होते. ते तिने देवीपुढे ठेवले आणि मला बाजूला घेऊन विचारले, की तिच्या घरवाल्याचे नाव त्या दगडावर कुठे कोपऱ्यात बारीक अक्षरात बसेल काय. तिचा नवरा मुंबईत गिरणीत होता. संपानंतर गावी परत आला आणि काही वर्षांत वारला. त्याच्या मनीऑर्डरी मी माझ्या हाताने घेतल्या आहेत. मी तिला काय उत्तर देणार? मी म्हटले, "विचारतो." आज विचारतो आहे.

मंडळी, आपली पालखी पत्र्याच्या घरात जाते आणि स्लॅबच्या बंगल्यातही जाते. दोन्हीकडे खाली उतरते, दोन्हीकडे ओटी घेते. बंगल्यात ती जास्त वेळ बसते असे मी पाहिलेले नाही. मानपानावरून आपल्या तालुक्यात गावे कोर्टात गेली आहेत आणि पालख्या वर्षानुवर्षे बंद राहिल्या आहेत, हेही आपण जाणतो. एवढ्या कष्टाने उभे राहणारे देऊळ, त्याच्या दारातच आपण पुन्हा एक उतरंड दगडात कोरून ठेवायची का? आज ज्याचे नाव वर आहे त्याच्या वर पुढल्या जीर्णोद्धारात कोणीतरी येईलच. माझ्या टेलिव्हिजनसारखे त्याचेही समाधान जाईल.

माझे म्हणणे एवढेच, की हिशेब हवा, उतरंड नको. हिशेब पैशापैशाचा हवा. पावती प्रत्येकाला हवी, जमा-खर्च छापला पाहिजे, त्यात सूट नाही. मी पोस्टातला माणूस आहे, पावतीशिवाय व्यवहार मला चालत नाही. पण दगडावर नावे कोरायची तर दोनशेवालीचेही कोरा आणि दोन लाखवाल्याचेही कोरा. वाडीवार, अकारविल्हे, रकमेशिवाय. जागा पुरत नसेल तर अक्षरे बारीक करा. तेही जमत नसेल तर कोणाचेच कोरू नका, आणि फक्त "ग्रामस्थ, मुंबईकर आणि माहेरवाशिणी" एवढेच लिहा.

खजिनदार म्हणतील, काका, अशाने मोठे देणगीदार नाराज होतील. मला तसे वाटत नाही. आपण विचारून तर बघू. ज्याने देवीसाठी दिले तो नाराज होणार नाही, आणि माझ्या मते सगळ्यांनी देवीसाठीच दिले आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. आता पैसे फोनवरून जातात. आजच्या सभेतही दाराशी चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला आहे, मोबाईल धरला की पैसे गावच्या खात्यात. एका क्षणात पोचतात. फार चांगली सोय आहे, मीही नातीकडून शिकून घेतली आहे. पण त्यात अंगठा येत नाही. म्हणून कलशारोहण झाल्यावर गावच्या शाळेतल्या मुलांनी प्रत्येक देणगीदाराला, रक्कम कितीही असो, हाताने लिहिलेले एक पोस्टकार्ड पाठवावे. देऊळ कसे दिसते, पाऊस किती झाला, त्याच्या घराची कौले शाबूत आहेत की नाहीत, एवढेच लिहावे. तीच आपली पोच. आणि मुंबईकरांनी त्या पोराला उत्तर लिहावे. कोरी पट्टी पाठवू नये. तिचे काय होते ते मी तुम्हाला सांगितले आहे.

फार वेळ घेतला. वय झाले की माणूस लांबतो. ग्रामदेवतेने आपल्या सर्वांच्या घरातले भय दूर करावे, गरजेपुरते द्यावे, आणि दिलेले दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची बुद्धी द्यावी, एवढे गाऱ्हाणे तिच्या चरणी घालून मी माझे बोलणे संपवतो.

जय महाराष्ट्र.

(या भाषणानंतर सभेत बराच वेळ चर्चा झाली. फलकाविषयीचा पूर्वीचा निर्णय बदलण्याचा ठराव मांडला गेला. मोठ्या रकमेच्या देणगीदारांपैकी दोघांनीच त्याला अनुमोदन दिले आणि तो मंजूर झाला. त्याप्रमाणे मंदिरातील फलकावर व या पुस्तिकेत सर्वांची नावे वाडीवार आणि अकारविल्हे दिली आहेत. रकमा जमा-खर्चात पावती क्रमांकाने पाहाव्यात. पोस्टकार्डांचे काम शाळेने आनंदाने स्वीकारले आहे. – संपादक मंडळ)